उपाशी मासोळी आणि देवरे बाई

देवरे बाईंना कोणी "तेवढं सोडून द्या हो" असं म्हटलं की मी हातातलं काम बाजूला ठेवायची. पुढे काय होणार ते मला पाठ होतं. बाई चष्मा काढायच्या, पदराने पुसायच्या, परत लावायच्या आणि समोरच्या माणसाकडे असं बघायच्या, की जणू तो बरणीत घालून फळीवर ठेवलाय. मग विचारायच्या, "का सोडायचं?"

बस्स, एवढंच. या एका प्रश्नापायी जळगावातल्या त्या कॉलेजात आम्हा सगळ्यांच्या डोक्याला जो ताप झाला तो विचारू नका. पण खरं सांगू? आज त्या तापाचीच आठवण येते. "जाऊ द्या, मरू द्या" म्हणणारे सहकारी मला पैशाला पासरी भेटले, आणि त्यातल्या निम्म्यांची नावंही मला आठवत नाहीत.

ही गोष्ट सत्तर सालाच्या आसपासची. मी तिथे भूगोल शिकवायची. वडील रेल्वेत गार्ड, त्यामुळे घर भुसावळला रेल्वे कॉलनीत. रोज सकाळी गाडीने जळगावला यायचं आणि संध्याकाळी परत. स्टाफरूममध्ये बायका आम्ही दोघीच. आमच्यासाठी म्हणून पुरुषमंडळींनी कपाटाच्या आडोशाला दोन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. माझ्या आधी दोन वर्षं लागलेल्या देवरे बाईंनी पहिल्याच दिवशी आपली खुर्ची उचलली आणि मधल्या मोठ्या टेबलाशी आणून ठेवली. "मला उजेड लागतो," म्हणाल्या. मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी माझीही खुर्ची तशीच उचलून आणली. मला विचारलंसुद्धा नाही!

बाई प्राणिशास्त्र शिकवायच्या. धुळ्याकडच्या शेतकरी घरातल्या. उंच, सावळ्या, हाडापेराने दणकट, चालणं असं की शेजारून चालणाऱ्याला धावावं लागे. पुण्याला राहून शिकलेल्या, पण पुणं अंगाला लागू दिलं नव्हतं. डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा. चहा बशीतून, तोही फुंकर मारून, प्रिन्सिपॉलसाहेबांसमोरसुद्धा. वर्गात मराठी अगदी छापील, रागावल्या की अहिराणी. आणि फारच रागावल्या तर एका वाक्यात दोन्ही. पिशवीत पुस्तकांबरोबर एक रिकामी बरणी आणि जुन्या मच्छरदाणीची शिवलेली जाळी कायम असायची. मेहरूणच्या तलावाकडे फिरायला गेलेली माणसं सूर्यास्त बघत बसायची, बाई साडी खोचून पाण्यात उतरलेल्या असायच्या.

आणि त्यांचं ते एक पालुपद: "स्वतः पाहिलंय का?" कोणी काहीही सांगो. अमक्या मास्तरांचं तमक्या बाईशी काहीतरी आहे म्हणे. "स्वतः पाहिलंय का?" केळीच्या बागेत नाग नाचतो म्हणे. "स्वतः पाहिलंय का?" सांगणारा "नाही, पण लोक म्हणतात" म्हणाला की बाई खिशातून शेंगदाणे काढून खायला लागायच्या. हो, खिशातून. पोलक्याला खिसा शिवून घेतला होता त्यांनी. शिंप्याने नाही म्हटलं तेव्हा त्यालाही "का नाही?" विचारलं असणार.

आता मासे कुठून आले ते सांगते. आमचं कॉलेज चालायचं व्यापाऱ्यांच्या देणग्यांवर. चिटणीस होते एक शेठजी, राजस्थानकडून आलेल्या जैन घराण्यातले, सरकी-कापसाचे मोठे व्यापारी. माणूस वाईट नव्हता हो. शिक्षणावर मनापासून श्रद्धा. पण बेडूक कापायचा म्हटलं की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. त्यामुळे विच्छेदन परीक्षेपुरतं, दार लावून, कसंबसं उरकायचं असा रिवाज होता. बाईंनी ते बघितलं आणि शेठजींनाच जाऊन म्हणाल्या, "मारायचं नाही ना? ठीक. मग मी जिवंत दाखवते." शेठजी खूश. प्रयोगशाळेच्या मागे बांधकामाच्या वेळचा सिमेंटचा हौद पडीक होता, तो त्यांनी बाईंना दिला. काय दिलं ते त्यांना पुढे कळलं.

बाई धुळ्याला गेल्या आणि ओळखीच्या एका मत्स्यतळ्यावरून तिलापियाचे मासे घेऊन आल्या. दुधाच्या कॅनमधून, एसटीने. एरंडोलला चढलेल्या कंडक्टरने कॅनमध्ये डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "बाई, गाडीत मासे चालत नाहीत."

"चालत नाहीतच. पोहतात," बाई म्हणाल्या आणि झाकण लावून खिडकीबाहेर बघायला लागल्या. गाडीतली माणसं अशी हसली की कंडक्टरने पुढे बोलायचा नाद सोडला. हे मला बाईंनी नाही सांगितलं. त्याच गाडीत आमचा शिपाई सुकदेव होता, त्याने सांगितलं. म्हणजे कोणीतरी स्वतः पाहिलेलं आहे.

हौदात बाईंनी गिरणेची वाळू टाकली, एका कोपऱ्यात दगड रचले. मासे रुळले. आणि मग सुरू झाला तो तास, ज्याला इतर वर्गांतली पोरंसुद्धा खिडकीतून लटकायची.

बाई सगळ्या वर्गाला हौदाभोवती उभं करायच्या. मुलं एका बाजूला, मुली दुसऱ्या बाजूला हा नियम तिथे चालायचा नाही, कारण मासा जिकडे जाईल तिकडे सगळ्यांना पळावं लागे. "तो काळा पडलाय तो बघा," बाई सांगायच्या. "परांच्या कडा लाल झाल्यात. तो नर. विणीचा हंगाम आला की असा सजतो. आता तोंडाने वाळू उचलतोय बघा. उचलली, नेली, टाकली. परत आला. थाळीएवढा खड्डा होईपर्यंत थांबत नाही. दुसरा नर आला की छाती काढून अंगावर जातो. आता ती मादी आली. तिच्याभोवती फिरतोय, थरथरतोय, खड्ड्याकडे वाट दाखवतोय. ती यायला राजी नसली तर येत नाही. आली. आता गप्प बघा."

आणि पोरं खरंच गप्प बघायची. मादी खड्ड्यात अंडी घालायची, आणि घातली रे घातली की वळून तोंडात भरून घ्यायची. "नराचं वीर्य त्या पाण्यात आहे," बाई जसं "आज बुधवार आहे" म्हणावं तसं सांगायच्या. "तेही ती तोंडात घेते. अंडी फळतात ती तिच्या तोंडात. आता हिचं खाणं बंद. पंधरवडाभर तोंडात अंडी घोळवत राहील, म्हणजे त्यांना ताजं पाणी मिळेल. डोकं मोठं दिसेल आणि अंग वाळत जाईल. पिल्लं बाहेर पडली तरी काही दिवस तिच्याच आसपास. सावली पडली की सगळी सुळकन आईच्या तोंडात."

"आणि नर, मॅडम?" कोणीतरी विचारायचंच.

"नर दुसरीसाठी खड्डा झाडतोय. तो बघा तिकडे."

मुली खुदकन हसायच्या, मुलगे हौदाच्या कठड्याकडे बघायचे. एकदा एका शहाण्याने विचारलं, "मॅडम, हे परीक्षेला येतं का?" बाई म्हणाल्या, "तुझ्या जन्माला आलंय. परीक्षेला येवो न येवो."

लग्नाबद्दल बाईंना विचारायची हिंमत कोणाची नव्हती. मी एकदा विचारलं, गाडी चुकली होती आणि आम्ही स्टेशनवर भजी खात बसलो होतो म्हणून. बाई म्हणाल्या, "अगं, स्थळं आली की पुष्कळ. सगळ्यांनी खड्डे छान खणले होते." आणि इतक्या मोठ्याने हसल्या की भजीवाला वळून बघायला लागला.

तर अशा त्या हौदाशी झालेल्या तासाची खबर एका मुलीच्या घरी गेली. मुलीने बिचारीने कौतुकानेच सांगितलं असणार. वडील तावातावाने शेठजींकडे गेले: पोरापोरींना एकत्र उभं करून बाई असले शब्द उच्चारते! शेठजींनी प्रिन्सिपॉलना बोलावलं, प्रिन्सिपॉलनी बाईंना. मी बाईंबरोबर गेले होते. मला बाहेर थांबायला सांगितलं, पण त्या केबिनचं दार कधी नीट लागायचंच नाही.

"बाई, ते तेवढं सोडून द्या," प्रिन्सिपॉल म्हणाले. झालं!

"का सोडायचं?"

"शिकवा हो तुम्ही. पण तो शब्द... त्या सगळ्याला आपण फर्टिलायझेशन म्हणतो ना? तेवढं म्हणून पुढे जा."

"म्हणजे इंग्रजीत म्हटलं की सोवळं आणि मराठीत म्हटलं की विटाळ? साहेब, पोरं धरणगाव-पारोळ्याहून येतात. त्यांना कळेल असं बोलायचं की त्यांना कळू नये असं?"

"आईबापांच्या भावना असतात."

"ते आईबाप झाले कसे, तेच शिकवते मी."

प्रिन्सिपॉलनी पाण्याचा ग्लास उचलला. आत शेठजीही बसलेले होते. आता ते बोलले. हळूच, पण ठाम. चातुर्मास चालू आहे, जिवांना धक्का लावायचा नाही. दिवाळी झाली की मासे मेहरूणच्या तलावात सोडा आणि हौद बुजवा. आणि बाईंची नेमणूकही तेवढ्यापर्यंतच समजावी.

बाईंची नोकरी अजून कायम झाली नव्हती. पुढच्या वर्षी व्हायची होती. धुळ्याला म्हातारी आई होती आणि घर बाईंच्या पगारावर चालत होतं. म्हणजे गेला तर फक्त हौद जाणार नव्हता. बाई बाहेर आल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "चल, चहा पिऊ. यास्ले काय समजत नही, बठ्ठा भित्रा शेतस." सगळेच्या सगळे भित्रे, हे त्यांनी दाराकडे तोंड करूनच म्हटलं.

आता खरी गंमत पुढे आहे.

शेठजींच्या आई, त्यांना सगळे मांजी म्हणायचे, सत्तरीच्या पलीकडच्या, कॉलेजच्या मागच्याच गल्लीत राहायच्या. मासे जाणार हे त्यांच्या कानावर गेलं. जायच्या आधी आपल्या हातून त्यांना चार घास पडावेत म्हणून त्या सुनेला घेऊन कणकेच्या गोळ्यांचं ताट घेऊन हौदावर आल्या. पर्युषणाचे दिवस. घरोघरी बायकांचे आठ-आठ दिवसांचे कडक उपास चाललेले. मांजींनी गोळ्या टाकल्या. सगळे मासे तुटून पडले. एक मासोळी मात्र दगडांपाशी स्थिर. तिच्या नाकासमोरून गोळी गेली तरी तोंड उघडेना. मांजी दुसऱ्या दिवशी परत आल्या. तेच. तिसऱ्या दिवशी शेजारणीला घेऊन आल्या. तेच.

झालं! त्या वस्तीत त्या दिवसांत जे कोणालाही सुचलं असतं तेच सुचलं. मासोळीचा उपास आहे. मुक्या जिवाने अठ्ठाई धरलीय.

दोन दिवसांत गावभर झालं. नवीपेठेतून बायका यायला लागल्या, पिंप्राळ्याहून यायला लागल्या. आणि फक्त जैनच नव्हेत हं; आमच्या बायका मागे राहतात होय? हळदीकुंकू आलं, तांदूळ आले, कोणी कठड्याला नाडा बांधला. सुकदेव चपलांची रांग लावायला उभा. "उपासवाली कुठली?" "ती, बारीक झालेली, डोकं मोठं असलेली." लोक हात जोडायचे. आणि तिचं तोंड कोणत्या ऐवजाने भरलंय ते आमच्या पोरांना पाठ! पोरं माना खाली घालून खुसुखुसु हसत हौदाच्या कडेने जायची.

शेठजी स्वतः आले, बघितलं, आणि डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. ते ढोंग नव्हतं, मी शपथेवर सांगेन. लगेच हुकूम सुटला: हौद बुजवायचा नाही. भोवती जाळीचं कुंपण, वर पत्र्याचं छप्पर, संगमरवरी पाटी. आणि अशी मासोळी ज्यांनी आणली त्या देवरे बाईंना कायम करायचं, याच वर्षी.

प्रिन्सिपॉल धावतच स्टाफरूममध्ये आले. "बाई, देवच पावला तुम्हाला! फक्त आता तो तास तेवढा नका घेऊ. लोकांची श्रद्धा आहे. तेवढं सोडून द्या."

सगळी स्टाफरूम बाईंकडे बघायला लागली. गणिताचे सर म्हणाले, "घ्या पदरात पाडून." मीही म्हटलं, आणि मला त्याची लाज नाही, आज विचाराल तर आजही म्हणेन: "बाई, गप्प राहा. तुम्हाला खोटं बोलायला कोणी सांगत नाहीये. फक्त बोलू नका. आईचं बघा."

बाईंनी चष्मा पुसला. "रोज शेकडो बायका येऊन चुकीचं बघून जातायत," म्हणाल्या, "आणि खरं काय ते माहीत असून मी गप्प बसू? मग मी शिक्षिका कसली? पुजारीण झाले. आणि ती मासोळी? इतकी झिजतेय ती पोरांसाठी, आणि श्रेय जाणार उपासाला! का सोडायचं मी?"

"नोकरी जाईल!" मी ओरडले. खरंच ओरडले.

"जाऊ दे. मी बठ्ठं सांगसू."

आणि त्या उठल्या. आम्ही सगळे मागोमाग, मोर्चा निघावा तसे. हौदाशी पंधरा-वीस बायका होत्या. मांजी कठड्याशी खुर्चीवर बसलेल्या. शेठजीही पाटीवाल्याला घेऊन मापं बघायला आलेले. बाई सरळ कठड्यापाशी गेल्या. "मांजी," म्हणाल्या, "ही उपास करत नाहीये. हिच्या तोंडात हिची पिल्लं आहेत."

आणि मग सगळं सांगितलं. काळा नर, खड्डा, थरथरणं, अंडी, आणि तो शब्दही, तोच, मराठीतला. दोनचार बायकांनी कानांवर पदर ओढला आणि निघाल्या, पण कॉलेजच्या मागच्या फाटकापर्यंत जाऊन उभ्या राहिल्या. शेठजी लालबुंद. "बाई, बस करा," म्हणाले. बाईंनी पाण्यावर हात आडवा धरला. हाताची सावली दगडांवर पडली आणि तोवर कोणाच्या लक्षातही न आलेली मोहरीएवढी पिल्लं वाळूवरून उठली, धुराची रेघ ओढल्यासारखी तिच्याकडे धावली आणि तिच्या तोंडात गडप झाली.

मांजींनी पार पाण्यापर्यंत वाकून बघितलं. मग म्हणाल्या, "म्हणजे देवासाठी नाही. पोरांसाठी उपाशी."

"हो."

"इतके दिवस?"

"पोरं सुटी होईपर्यंत."

"और बाप?"

बाईंनी बोट दाखवलं. पलीकडच्या कोपऱ्यात काळा नर दुसऱ्या मादीपुढे वाळू उपसत होता. मांजींनी बघितलं आणि त्यांना जे हसू फुटलं! दात नसलेल्या तोंडाने, पोट धरून, खुर्ची हलेपर्यंत. सून हसली. फाटकापाशी उभ्या असलेल्या हसल्या. कानावर पदर ओढलेलीने पदर सोडला. हळदीकुंकवाची ताटं हातात घेऊन त्या सगळ्या बायका आपापल्या घरच्या कोणाकोणाला आठवून हसत होत्या, आणि मध्ये शेठजी पाटीची सुतळी धरून उभे. हसू ओसरल्यावर मांजी सुनेला म्हणाल्या, "उद्यापासून गोळ्या नको टाकू. पाणी घाण होतं, लेकरं मरतील."

बायकांनी माफ केलं होतं, शेठजींनी नाही. स्वतःच्या आईसमोर, चार बायकांत आपलं हसं झालं हे त्यांच्या जिव्हारी लागलं. त्यांनी एक शेवटची संधी दिली, आणि ती देताना आपण उदार आहोत असंच त्यांना वाटत असावं. बाईंनी सभागृहात सगळ्या विद्यार्थ्यांपुढे म्हणावं की माझ्या तोंडून अनुचित बोललं गेलं. एवढं म्हटलं की नोकरी कायम, हौदही कायम.

सभागृह गच्च भरलं. व्यासपीठावर शेठजी, प्रिन्सिपॉल, दोन विश्वस्त. प्रिन्सिपॉल म्हणाले, "देवरे बाई आपल्याशी दोन शब्द बोलतील," आणि कपाळ पुसत बसले. बाई उठल्या. त्या दिवशी त्या ठेवणीतली इरकली साडी नेसून आल्या होत्या, एरवी साधी सुतीच असायची. मला वाटलं, शेठजींचा मान राखायला आल्या, नमल्या. मला इतकं वाईट वाटलं, की गप्प राहा म्हणणारी मीच, आणि मलाच रडू यायला लागलं.

बाई माइकसमोर उभ्या राहिल्या. "विणीच्या हंगामात तिलापियाचा नर काळा पडतो," त्यांनी सुरुवात केली.

सगळा पाठ घेतला त्यांनी. एक अक्षर सोडलं नाही. मध्येच कोणीतरी माइक बंद केला. बाईंनी आवाज चढवला. शेतात हाळी मारून वाढलेला आवाज तो, त्याला माइक कशाला? शेठजी उठून गेले, विश्वस्त गेले. प्रिन्सिपॉल जायचं की बसायचं हे न कळून अर्धवट उभे राहिले ते तसेच राहिले. शेवटी बाई म्हणाल्या, "यातलं काही खोटं असेल, तर ज्याने स्वतः पाहिलंय त्याने उठून सांगावं."

मग मुलींच्या बाजूने एक उठली. ज्यांच्या तक्रारीवरून हे सगळं झालं त्यांचीच मुलगी. "मॅडम, खोटं नाही. शंका आहे. सावली पडली की पिल्लं पळत येतात, तेव्हा ती आपली कुठली आणि दुसरीची कुठली, हे आईला कसं कळतं?"

"नाही कळत," बाई म्हणाल्या. "घाईत दुसरीचीही घेते. मी पाहिलंय. तोंडात मावतील तेवढी घेते. बस खाली, चांगला प्रश्न आहे."

त्यावर सभागृहात ज्या टाळ्या पडल्या, त्या मी आयुष्यात परत ऐकल्या नाहीत.

दिवाळीनंतर बाईंना यायची गरज नव्हती. मी प्रिन्सिपॉलना केबिनमध्ये जाऊन जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. रेल्वे कॉलनीत वाढल्याचा तेवढा फायदा झाला, शिव्या कमी पडल्या नाहीत. हौद लगेच बुजवायचा होता, पण माती टाकायला गडी आले तर कठड्यावर मांजी बसलेल्या. तेव्हा दुसरी एक मासोळी उपाशी होती; तिच्या तोंडातलं शेवटचं पिल्लू सुटं होईपर्यंत त्या रोज येऊन बसल्या आणि मुलाशी एक अवाक्षर बोलल्या नाहीत. मग मासे तलावात गेले आणि हौदावर सायकल स्टँड झाला. बाई धुळ्याला गेल्या. मी पोचवायला गेले तेव्हा "रडतेस काय? माझं कोण मेलंय?" म्हणून माझ्यावरच डाफरल्या.

कॉलेजात त्यांना कोणी घेतलं नाही. नाव गाजलं होतं. पुष्कळ दिवस घरी बसावं लागलं, मग मुलींच्या एका शाळेत लागल्या, हुद्दा खालचा. हे सगळं मला इतरांकडून कळत होतं. बाई पत्रं लिहिणाऱ्यातल्या नव्हत्या. मला मनातून धाक होता, की आता भेटल्या तर मोडलेल्या दिसतील, आणि त्यांना तसं बघायला माझं मन धजत नव्हतं.

पुढे काही वर्षांनी परीक्षेच्या कामाला धुळ्याला जाणं झालं. धीर करून शाळेत गेले. शिपाई म्हणाला, "त्या पांझरेवर गेल्यात, पोरींना घेऊन." मी नदीवर गेले. पाणी उतरून नितळ झालेलं. काठच्या उथळ पाण्यात वाळूत थाळीएवढे खड्डेच खड्डे. तिलापिया एकदा कुणाच्या तळ्यात आला, की नदीत उतरायला त्याला कोणा चिटणिसाची परवानगी लागत नाही. आणि त्या खड्ड्यांच्या मधोमध बाई, केस बरेच पिकलेले, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, भोवती तीसेक मोठ्या मुली पाण्यात उभ्या.

"वीर्य त्या पाण्यातच असतं," बाई सांगत होत्या. "तेही ती तोंडात घेते." त्यांनी मला बघितलं. ओळखलं. हात वर करून थांबायची खूण केली आणि पाठ पुढे चालू ठेवला. तासाच्या मध्ये मला भेटायला येतील तर त्या देवरे बाई कसल्या! मी काठावरच्या दगडावर बसले.

खालच्या अंगाला बायका गोधड्या धूत होत्या. धोपटण्या थांबलेल्या होत्या. कधीपासून थांबल्या होत्या कोण जाणे. त्यातली एक कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि तिने नदीवरून हाक मारली.

"ओ बाई! जराखं जोरमा सांगा ना! आम्ले काहीच ऐकू येत नही!"

पोरी हसल्या. बाई वळल्या. त्या पाण्यातून चार पावलं खालच्या अंगाला गेल्या, त्या बायकांसमोर उभ्या राहिल्या आणि पहिल्यापासून सांगायला लागल्या.